बोटांनी गायलेलं रॉक

डच प्रोग्रेसिव्ह रॉक म्हटलं की निम्म्या रसिकांना फोकसचं ‘होकस पोकस’ आठवतं आणि उरलेल्यांना काहीच आठवत नाही. या संगीताचा इतिहास लिहिणारेसुद्धा आधी येस, जेनेसिस, किंग क्रिमझन, इमर्सन लेक अँड पामर असा इंग्लंडचा पाढा म्हणतात, मग इटलीला एक प्रकरण देतात, जर्मनीला एक देतात आणि नेदरलँड्सची बोळवण एका परिच्छेदात करतात. त्या परिच्छेदाचा सूरही ठरलेला असतो: पोरं हुशार होती, वाजवायची झकास, पण माल सगळा इंग्रजांकडून उसना घेतलेला, गाणी इंग्रजीत, आणि तीही बेतास बात इंग्रजीत. यातलं शेवटचं म्हणणं खरं आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र पटत नाही. साधारण 1969 ते 1977 या काळात डच बँडांनी जे अव्वल काम केलं, ते शब्दांना मागच्या रांगेत बसवून, आणि बऱ्याचदा शब्दांना दाराबाहेर ठेवून केलं. परक्या भाषेत गाण्याची अडचण त्यांनी वाद्यांकडे वळून सोडवली आणि तसं करताना गुणगुणता येईल अशी चाल हातची जाऊ दिली नाही. त्यांचं वेगळेपण या दोन गोष्टींच्या जोडीत आहे, आणि कोणता बँड किती मोलाचा हे ठरवायलाही हीच कसोटी बरी पडते.

ही जोडी कुठून आली हे आधी पाहायला हवं. 1970 साली नेदरलँड्सची लोकसंख्या जेमतेम 1 कोटी 30 लाख होती. एवढ्याशा बाजारात महागडं रेकॉर्डिंग परवडायचं तर माल परदेशात खपायला हवा, म्हणून इंग्रजी. डच भाषेत असं संगीत होऊ शकत नव्हतं, अशातला भाग नाही. बाउडेवाइन द ख्रोट या गायकाने 1968 मध्येच ‘नाख्ट एन ऑनटाय’ हा डच भाषेतला अल्बम काढला होता आणि त्यात पंचवीसएक मिनिटांची एक सलग विचित्र रचनाही होती. पण त्या वाटेने पुढे फारसं कुणी गेलं नाही. द हेग शहरात साठच्या दशकात गिटारवाल्या बीट बँडांचं पेवच फुटलं होतं. गोल्डन इअरिंग, क्यू 65, शॉकिंग ब्लू हे सगळे तिथलेच, सगळे इंग्रजीत गाणारे. शॉकिंग ब्लूचं ‘व्हीनस’ 1970 च्या फेब्रुवारीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं तेव्हा इंग्रजीत गाण्याचा हिशेब बरोबर असल्याचं सगळ्यांना पटलं. त्यात उत्तर समुद्रात जहाज नांगरून कार्यक्रम करणारं रेडिओ व्हेरोनिका आणि 1965 पासून सुरू झालेली टॉप 40 यादी, यांमुळे साडेतीन मिनिटांच्या तबकडीला तिथे मोठी किंमत होती. ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह मंडळी सिंगल्सकडे नाक मुरडत. पिंक फ्लॉइडने 1968 नंतर थेट 1979 पर्यंत इंग्लंडात एकही सिंगल काढलं नाही. डच बँडांना ती चैन नव्हती. सुपरसिस्टर, अर्थ अँड फायर, एक्सेप्शन, फोकस, कायाक, यांतल्या प्रत्येकाने टॉप 40 मध्ये हजेरी लावली. वीस मिनिटांची रचना करणाऱ्या माणसालाही पहिल्या अर्ध्या मिनिटात कान पकडावा लागत होता. चालीचं वेड तिथून आलं.

वाद्यांकडच्या ओढीला आणखी जुना एक धागा आहे, तो जपून जोडायला हवा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ॲम्स्टरडॅम कॅल्व्हिनपंथीयांच्या ताब्यात गेलं आणि त्यांनी उपासनेतून ऑर्गन काढून टाकला. वाद्य मात्र चर्चमध्ये राहिलं, वादकही राहिला. आउडे कर्कमधला यान पीटर्सझोन स्वेलिंक (1562–1621) हा युरोपभर नावाजलेला ऑर्गनवादक नगरपालिकेचा पगारी नोकर होता आणि त्याचं काम होतं उपासनेच्या वेळा सोडून नागरिकांना वाजवून दाखवणं. म्हणजे ऑर्गनला शब्दांची साथ करण्यातून सुट्टी देऊन स्वतंत्र मैफलीचं वाद्य करण्याची सवय या देशाला फार पूर्वीची. त्यावरून 1970 च्या हॅमंड ऑर्गनवाल्यांना स्वेलिंकचे वंशज ठरवणं धाडसाचं होईल. पण यातले बरेच जण संगीत शाळेत शिकलेले होते, त्यांच्या घरात अभिजात संगीत होतं, आणि वाद्य एकट्याने कथा सांगू शकतं यावर त्यांचा उपजत विश्वास होता, एवढं त्यांच्या रेकॉर्ड्समधूनच दिसतं.

फोकसपासून सुरुवात करणं भाग आहे, कारण सगळा पुरावा तिथे एकवटलेला आहे. टाइस फान लेअर हा बासरी आणि ऑर्गन वाजवणारा, वडीलही बासरीवादक. 1969 मध्ये ॲम्स्टरडॅमला त्याने जमवलेल्या तिघांनी ‘हेअर’ या संगीत नाटकाच्या डच प्रयोगात वाद्यवृंदाची नोकरी केली. त्यांना येऊन मिळाला यान आकरमन, ज्याच्या हातात इलेक्ट्रिक गिटार आणि डोक्यात जुन्या ल्यूटचं संगीत होतं. 1970 च्या पहिल्या अल्बमवर इंग्रजी गाणी आहेत. ती आज कुणी ऐकत नाही, आणि न ऐकणाऱ्यांचं काही चुकत नाही. त्या काळातलं टिकलं ते ‘हाउस ऑफ द किंग’, आकरमनने बांधलेली, बासरीवर नाचणारी, एकही शब्द नसलेली छोटी चीज. ‘सिल्व्हिया’ची कुळकथा तर या सगळ्या वादाचा सारांश म्हणावा अशी आहे. फान लेअर गायक रामसेस शाफीच्या मंडळीत काम करत होता तेव्हा सिल्व्हिया अल्बर्ट्स या गायिकेसाठी त्याने ही चाल इंग्रजी शब्दांसकट केली होती. तिला ते गाणं रुचलं नाही. चार वर्षांनी, 1972 च्या ‘फोकस 3’ वर, तीच चाल शब्द झटकून आली, गायिकेच्या जागी आकरमनची गिटार बसली, आणि 1973 च्या सुरुवातीला इंग्लंडच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेली. इंग्रजी बोलणाऱ्या देशाला डच माणसाचे इंग्रजी शब्द नको होते. त्याची चाल हवी होती. आकरमनची गिटार इथे ज्या लांब, श्वास घेत घेत येणाऱ्या सुरांत बोलते ते ऐकलं की कळतं, ही ओळ मुळात गळ्यासाठी लिहिलेली आहे. व्हॉल्यूमची कळ फिरवत सुराचा आघात पुसून टाकायचा आणि सूर फुगत आणायचा, ही त्याची खासियत. त्याच वर्षी ‘मेलडी मेकर’ या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाच्या वाचकांनी त्याला सर्वोत्तम गिटारवादक ठरवलं, आणि त्यात नवल नव्हतं.

आता ‘होकस पोकस’. या गाण्याची थट्टा फार झाली, त्यामुळे त्याची बांधणी कुणी नीट पाहत नाही. ही सरळसरळ रोंडो आहे: गिटारची एक दणकट ओळ मुखड्यासारखी परत परत येते, आणि दर दोन फेऱ्यांमधल्या मोकळ्या जागेत फान लेअर काहीतरी नवं करतो. एकदा योडलिंग, एकदा बासरी, एकदा शिट्टी, एकदा अकॉर्डियन, एकदा निरर्थक अक्षरांची बडबड. मधे पिएर फान डर लिंडनचे ड्रम्स फट मिळेल तिथे घुसतात. आपल्याकडे तराण्यात ‘दिर दिर तानोम्’ला अर्थ विचारला जात नाही, लयीत आणि सुरात ते कुठे बसलं हे विचारलं जातं, तोच न्याय इथे लावला की हा विनोद राहत नाही, कंठाला वाद्य करण्याचा पद्धतशीर प्रयोग दिसतो. अमेरिकेत हे 1973 मध्ये नवव्या क्रमांकावर गेलं. ‘मिडनाइट स्पेशल’ या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात त्यांना वेळ कमी मिळाला, तेव्हा त्यांनी काटछाट करण्याऐवजी सगळं गाणं भन्नाट वेगाने वाजवून टाकलं. अर्थाचं ओझं असलेलं गाणं असं पळवता येत नाही.

हे गाणं ज्या ‘मूव्हिंग वेव्ह्ज’ (1971) या अल्बमवर आहे, त्याचं शीर्षकगीत मात्र अपवाद म्हणून तपासायला हवं. त्या अख्ख्या अल्बमवर अर्थपूर्ण शब्दांचं हे एकच गाणं, नुसत्या पियानोवर गायलेलं, आणि त्याचे शब्द आहेत इनायत खान यांचे. मराठी वाचकाने इथे थोडं थांबावं. इनायत खान यांचा जन्म 1882 चा, बडोद्याचा. गायकवाडांच्या राज्यात ज्यांनी गायनशाळा काढली त्या मौलाबक्षांचे ते नातू, स्वतः वीणावादक आणि गायक. 1910 मध्ये ते अमेरिकेला निघाले, पुढे युरोपात सुफी विचार सांगत फिरले, आणि त्यांना जे अनुयायी मिळाले त्यांत डच मंडळी बरीच होती. कात्वाइकच्या समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांत त्या पंथाचं मंदिरही आहे. तेव्हा फोकसने हे शब्द कुठून दूरदेशाहून शोधून आणले असं समजायचं कारण नाही, ते त्यांच्या शेजारीच होते. तरीही निवड बोलकी आहे. स्वतःचं इंग्रजी कच्चं वाटलं तेव्हा फान लेअरने ज्याच्याकडून शब्द घेतले तोही मुळात गवई होता.

अल्बमची दुसरी बाजू ‘इरप्शन’ या तेवीस मिनिटांच्या रचनेने भरली आहे. विषय ऑर्फियस आणि युरिडिसीची कथा, म्हणजे मोंतेवेर्दीपासून ऑपेरावाल्यांचा आवडता. ऑपेरात ही कथा गाऊन सांगतात. फोकसने ती खंडांना नावं देऊन आणि वाद्यांना भूमिका वाटून सांगितली. मधला ‘टॉमी’ हा खंड, ज्यात आकरमनची गिटार कमालीची हळवी होते, मुळात सोल्यूशन बँडच्या टॉम बार्लागेची चाल आहे. ‘हॅम्बर्गर कॉन्चेर्टो’ (1974) मध्ये हीच युक्ती आणखी पक्की झाली. ब्राम्सने हायडनची म्हणून घेतलेल्या धुनेवर विस्तार केले होते, त्यावर ही मंडळी आपला मजला चढवतात आणि खंडांना ‘रेअर’, ‘मीडियम’, ‘वेल डन’ अशी मांस भाजण्याच्या पायऱ्यांची नावं देतात. शेवटाकडे फान लेअर गातो, आणि गातो ते चक्क डच भाषेत: सतराव्या शतकातल्या योस्ट फान डेन फोंडेलच्या ‘खाइसब्रेख्ट फान आम्स्टेल’ या नाटकातलं नाताळच्या रात्रीचं गीत. म्हणजे शब्द वापरायची वेळ आली तेव्हा एकदा बडोद्याच्या सुफीचे आणि एकदा स्वतःच्या भाषेतल्या अभिजात नाटककाराचे. स्वतः रचलेल्या इंग्रजीवर या माणसाचा भरवसा नव्हता, आणि त्याची ही पारख अचूक होती.

एक्सेप्शन हा बँड मात्र या कसोटीवर अर्धाच उतरतो. रिक फान डर लिंडन हा हेगच्या कॉन्झर्व्हेटरीत शिकलेला पियानोवादक. 1969 मध्ये बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीवरचं ‘द फिफ्थ’ तुफान चाललं आणि मग बाखपासून पुढे कुणालाच सोडलं नाही. शब्द नाहीत, चाल आहे, शिवाय ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनही आहेत. पण चाल उसनी आहे. ज्यांना अभिजात संगीत जड जातं त्यांना ते पातळ करून पाजण्याचा हा उद्योग, असा आरोप तेव्हाही झाला. तो खोडून काढणं कठीण आहे. मात्र त्याच फान डर लिंडनने 1974 मध्ये ट्रेस हा तिघांचा बँड काढला आणि 1975 चा ‘बर्ड्स’ दिला तेव्हा चित्र बदललं. त्यातल्या बावीस मिनिटांच्या ‘किंग-बर्ड’मध्ये बाखचा अभ्यास बोटांत मुरलेला आहे, तबकडीवर चिकटवलेला नाही. या अल्बमवर ड्रम्स वाजवणारा इयन मॉस्ली पुढे मॅरिलियनमध्ये गेला. एक्सेप्शनने डच घराघरांत वाद्यसंगीताला ग्राहक तयार केला, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. ऐकायला मात्र ट्रेस घ्यावा.

सुपरसिस्टरकडे आलं की सूर बदलतो. हेगमधल्या शाळकरी दोस्तांचा हा बँड. रोबर्ट यान स्टिप्स कीबोर्डवर, साशा फान खेस्ट बासरीवर, रोन फान एक बासवर आणि मार्को फ्रोलाइक ड्रम्सवर. गिटार नाहीच. रॉक बँडात गिटार नसणं हे भरताशिवाय भाकरी वाढण्यासारखं. पण स्टिप्सचा फझ लावलेला, खरखरीत ऑर्गन ती जागा भरून वर उरतो. पहिला अल्बम ‘प्रेझेंट फ्रॉम नॅन्सी’ 1970 चा, तेव्हा स्टिप्स विशीचा होता. सॉफ्ट मशीन या ब्रिटिश बँडची छाप उघड आहे. त्यातल्या एका रचनेचं नावच मुळी ‘11/8’ आहे, म्हणजे ताल सांगून मोकळे. गाण्यांत शब्द आहेत, पण हे शब्द गंभीरपणे घेऊ नका असं गाणारा स्वतःच सुचवत असतो. एखादी हळुवार ओळ सुरू होते, मधेच कुणीतरी चेष्टेच्या आवाजात साद घालतं, आणि तेवढ्यात चाल अवघड मात्रांच्या रस्त्याने निसटून जाते. परक्या भाषेशी वागण्याचा हा दुसरा मार्ग: फोकसने ती टाळली, सुपरसिस्टरने तिला खेळणं केलं. ‘टू द हायेस्ट बिडर’ (1971) हा त्यांचा कळस. त्यातलं दहा मिनिटांचं ‘अ गर्ल नेम्ड यू’ हलक्याफुलक्या प्रेमगीतासारखं निघतं आणि बघता बघता बासरी, बास आणि ऑर्गन यांच्या धुमश्चक्रीत शिरतं, तरी मूळ चाल कानातून जात नाही. ब्रिटिश रेडिओ निवेदक जॉन पीलला हा अल्बम इतका भावला की त्याने तो इंग्लंडात आपल्या डँडेलियन लेबलवर काढला. पुढच्या वर्षीचं ‘पुडिंग एन खिस्टरेन’ हे नेडरलांड्स डान्स थिएटरच्या बॅलेसाठी लिहिलेलं; नर्तकांना पाय टाकायला जागा हवी म्हणून की काय, पण इथे त्यांची थट्टा थोडी आवरलेली आहे. त्यानंतर मूळ चौकडी फुटली. सिकंदरावरचा ‘इस्कंदर’ (1973) हा अल्बम गंभीर, जॅझच्या अंगाने जाणारा, आणि माझ्या मते थोडा कोरडा आहे.

सोल्यूशन हा उत्तरेकडच्या ग्रोनिंगेनचा बँड. त्यांनी गळ्याचं काम टॉम बार्लागेच्या सॅक्सोफोनकडे सोपवलं. 1971 चा पहिला अल्बम आणि 1972 चा ‘डायव्हर्जन्स’ ऐकताना कुठेही गायकाची उणीव भासत नाही. 1975 च्या ‘कॉर्डाँ ब्ल्यू’साठी एल्टन जॉनचं रॉकेट लेबल आणि त्याचाच निर्माता गस डजन मिळाला, आवाज गुळगुळीत झाला, गाणं वाढलं आणि बँड हळूहळू सौम्य होत गेला. डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा अल्क्विन साधारण याच वाटेने गेला: ‘मार्क्स’ (1972) आणि ‘द माउंटन क्वीन’ (1973) हे सॅक्सोफोन आणि ऑर्गनवर तोललेले, लांब पल्ल्याचे अल्बम, मग मिशेल फान डाइक हा चांगला गायक आला आणि बँड साधा झाला. गायक वाईट नव्हता. पण त्याच्यासाठी जागा करताना ज्या गोष्टी बाजूला सारल्या, त्याच त्यांच्या खऱ्या होत्या.

फिंच या बँडला मी बहुतेकांपेक्षा वरची जागा देतो. 1975 च्या ‘ग्लोरी ऑफ द इनर फोर्स’वर चारच रचना आहेत, सगळ्या शब्दरहित, आणि योप फान निमवेगनची गिटार एका चालीतून दुसरीत इतक्या झपाट्याने उडी मारते की पहिल्यांदा ऐकताना दम लागतो. गंमत म्हणजे बास वाजवणारा पीटर फिंक आणि ड्रमवाला बेर क्लासे हे क्यू 65 सारख्या रांगड्या बीट बँडातून आलेले. म्हणून या संगीताला खालून धक्का आहे. येसच्या चाहत्याला जो भारदस्तपणा कधीकधी हवेत तरंगल्यासारखा वाटतो, तो इथे जमिनीवर पाय रोवून उभा राहतो. फिंचवर आक्षेप घेतला जातो तो असा की त्यांना थांबायचं कुठे ते कळत नाही. हा आक्षेप रास्त आहे. प्रत्येक रचनेत चार गाण्यांचा ऐवज आहे आणि तिसरं गाणं सुरू होईपर्यंत पहिलं मनात ठरायला वेळच मिळत नाही. तरी उधळपट्टी करायला आधी गाठीला काही असावं लागतं.

आता माझ्या म्हणण्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा: अर्थ अँड फायर आणि कायाक. दोन्ही गाणारे बँड, दोन्ही लोकप्रिय, दोन्ही इंग्रजीत. अर्थ अँड फायरचं पहिलं मोठं यश ‘सीझन्स’ (1970) गोल्डन इअरिंगच्या जॉर्ज कोइमान्सने लिहून दिलेलं. 1972 चं ‘मेमरीज’ डच यादीत पहिलं आलं. पण त्यांचं प्रोग्रेसिव्ह काम, म्हणजे ‘साँग ऑफ द मार्चिंग चिल्ड्रन’ (1971) आणि ‘अटलांटिस’ (1973), लक्षपूर्वक ऐकलं तर येर्नी कागमनचा आवाज निवेदकाचा नाही असं दिसतं. कूर्ट्स बंधूंपैकी खेरार्डच्या मेलोट्रॉनच्या थरांत तो आणखी एक थर आहे, उंच आणि सरळ, थोडासा थंड. शब्द काय होते हे ऐकून झाल्यावर सांगता येत नाही, आणि न सांगता आल्याने काही बिघडत नाही. कायाकबाबत मात्र मला माघार घ्यावी लागते. हिल्व्हरसमचे टोन स्खेर्पेनझेल आणि पिम कूपमन हे दोघे गीतकारच्या गीतकार होते. ‘सी सी द सन’ (1973) पासून त्यांनी चार-पाच मिनिटांच्या गाण्यात जे गुंतागुंतीचं कोरीव काम केलं, ते गाण्याशिवाय झालं नसतं, आणि 1978 च्या ‘फँटम ऑफ द नाइट’मधलं ‘रूथलेस क्वीन’, ज्याचे शब्द इरेन लिंडर्सने लिहिले, ते शब्दांमुळेच घराघरात पोचलं. कायाक हा नियमाला खरा अपवाद आहे. फक्त एवढं नोंदवतो की स्खेर्पेनझेलला पुढे कॅमल या ब्रिटिश बँडने बोलावलं ते कीबोर्डसाठी.

दुसरा आक्षेप शेजाऱ्यांकडे बोट दाखवतो. इटलीच्या बँडांना हीच अडचण होती. बांको किंवा प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी इटालियनमध्ये गायले आणि थोर ठरले. मग डचांचा वाद्यांकडचा ओढा हा गुण कसला, भाषेवरच्या अविश्वासाला दिलेलं गोंडस नाव आहे. यात तथ्य आहे, पण इटलीकडे पाच कोटींहून मोठी लोकसंख्या आणि ऑपेराच्या कृपेने आपल्या भाषेत गळा मोकळा सोडायची परंपरा होती. ज्याच्याकडे ते नव्हतं, त्याने दुसरं काही कमावलं की नाही, एवढंच पाहायचं. जर्मनांचं उदाहरण त्याहून मुद्द्याचं आहे. कॅन किंवा टँजरीन ड्रीम यांनीही शब्द सोडले. मग डच वेगळे कसे? वेगळे असे, की जर्मनांनी शब्दांबरोबर चालही सोडली आणि ते लय किंवा नादाच्या मागे गेले. त्यातून पुढच्या पिढ्यांना जास्त मिळालं, हे कबूल करायला हवं. इलेक्ट्रॉनिक संगीतावर जर्मनांचा जेवढा ठसा आहे तेवढा डचांचा कशावरच नाही. पण प्रभाव आणि गोडी ही दोन वेगळी मापं आहेत, आणि आवडत्या बँडांचा विचार करताना दुसरं माप वापरणं गैर नाही. गोल्डन इअरिंगच्या ‘रेडार लव्ह’चं (1973) नाव घेऊन इंग्रजी शब्दांनिशी डचांनी जग जिंकल्याचा दाखलाही दिला जातो. गाणं फक्कड आहे. पण रात्री गाडी हाकणाऱ्या माणसाची ती गोष्ट साध्या, घट्ट रॉकची आहे; ‘मूनटॅन’ अल्बममधल्या एक-दोन लांब रचना सोडल्या तर त्या बँडाला या यादीत ओढायचं कारण नाही.

1976 मध्ये आकरमन फोकसमधून बाहेर पडला, 1977 मध्ये फिंचचा शेवटचा अल्बम आला, आणि 1979 मध्ये अर्थ अँड फायरने ‘वीकेंड’ नावाचं नाचतं गाणं काढून पहिला क्रमांक मिळवला. पंकने यांना मारलं असं म्हणायची पद्धत आहे. निदान इथे तरी ते तितकंसं खरं नाही. टॉप 40 ची जी सवय या बँडांच्या कामी आली होती, तीच शेवटी त्यांना ओढून घेऊन गेली. स्टिप्स आधी गोल्डन इअरिंगमध्ये आणि पुढे निट्स या बँडमध्ये गेला, आणि तिथेही उत्तम काम केलं.

यानंतरच्या काळात एकाच माणसाला सविस्तर उत्तर द्यावं लागतं, तो म्हणजे आर्येन लुकासन. एरिऑन या नावाखाली त्याने 1995 पासून ज्या रॉक ऑपेरा काढल्या त्या शब्दांनी ओतप्रोत आहेत. ‘द ह्यूमन इक्वेशन’मध्ये (2004) बेशुद्धावस्थेतल्या एका माणसाच्या मनातल्या भावनाच पात्रं होऊन वीस दिवस वीस गाण्यांत भांडतात. माझ्या सिद्धांताला हा सरळ छेद वाटतो. पण लुकासन स्वतः मुख्यतः वाजवतो आणि रचतो. गळे तो जगभरातून गोळा करतो, मॅरिलियनच्या फिशपासून ड्रीम थिएटरच्या जेम्स लाब्रीपर्यंत. गायकाला तो पात्र म्हणून, म्हणजे जवळपास वाद्य म्हणून, वापरतो. 1998 च्या ‘इन्टू द इलेक्ट्रिक कॅसल’वर टाइस फान लेअरची बासरी आहे, स्खेर्पेनझेलचे कीबोर्ड आहेत, कायाकचा गायक एडवर्ड रीकर्स आहे, जुन्या मंडळींना एका छताखाली बोलावून केलेला तो गोतावळाच म्हणायचा. कथानक वाचवत नाही इतकं बाळबोध आहे आणि तरी अल्बम पुन्हा लावावासा वाटतो, कारण चाली पक्क्या आहेत. त्याच साली ओस गावच्या द गॅदरिंगने ‘हाउ टू मेझर अ प्लॅनेट?’ काढला; तिथे आनेके फान खिर्सबर्खेनचा आवाज शब्दांना धुक्यात नेऊन सोडतो, आणि नव्वदच्या दशकातलं सगळ्यात डौलदार डच प्रोग्रेसिव्ह संगीत मला तेच वाटतं.

क्रम लावायचा तर पहिला फोकस, त्यात वाद नाही. दुसरा सुपरसिस्टर, तिसरा फिंच, आणि माझ्या सगळ्या युक्तिवादाला न जुमानता चौथा कायाक. एक्सेप्शन यादीच्या तळाशी, ट्रेस त्याच्या बराच वर. ज्याने यातलं काहीच ऐकलेलं नाही त्याने ‘होकस पोकस’पासून सुरुवात करू नये; ‘मूव्हिंग वेव्ह्ज’ची दुसरी बाजू लावावी, ती संपली की ‘टू द हायेस्ट बिडर’ घ्यावा, आणि गाण्याचे शब्द छापलेला कागद पाकिटातच राहू द्यावा.